रा. रा. तक्तासाहेब यांस अनावृत पत्र

मु. पो. करडी, ता. मोहाडी, जि. भंडारा

रा. रा. तक्तासाहेब,
मुक्काम : अहवालाचं सॉफ्टवेअर, पडद्याच्या मधोमध

सा. न. वि. वि.

धान खरेदीच्या नोंदणीचे दिवस आहेत. दारात सातबारे घेऊन माणसं उभी आहेत आणि त्यांना तिष्ठत ठेवून मी आपल्याला पत्र लिहितो आहे. आपल्याविषयीचा आदर यावरूनच ध्यानी यावा.

पहिले आभार बांधीबद्दल, म्हणजे धानाच्या शेताबद्दल. एका काकाजींचा गट क्रमांक १२/३. मी तसाच टाइप करून एंटर मारलं आणि आपण त्याचा क्षणात '१२ मार्च' केलात. काकाजी चष्मा पुसून म्हणाले, "बाबू, मी बांधी सांगितली, जन्मतारीख नाही." घाईघाईनं रकाना टेक्स्टचा केला, तर आपण ४५७२८ दाखवलंत. पुढे कळलं की १९०० सालापासून १२ मार्च २०२५ पर्यंतचे दिवस आपण मोजून दिले होते. कुणी मागितलेले नसताना! एवढी सेवा हल्ली घरचेही करत नाहीत.

आपली काटकसरही शिकण्यासारखी. ०.४० हेक्टर लिहिलं की आपण शेवटचं शून्य वाचवून ०.४ करता. गणितात दोन्ही एकच, हे मान्य. पण आमच्याकडे टिंबापुढचे दोन आकडे आर म्हणून वाचतात. चाळीस आरचा मालक कागदावर चार आर पाहून खाली बसला, त्याला पाणी मी दिलं. आपण कामात होता.

आधारचे बारा आकडे आपण '२.३४ ई + ११' असे घडी घालून ठेवता, तेवढीच गोपनीयता. सोळा आकडी खाते क्रमांकाचा शेवटचा आकडा तर आपण कायमचा शून्य करून टाकता, कारण पंधरांपुढे मोजायची आपली प्रथा नाही. धानाचे पैसे येतील तेव्हा त्या शून्याचा हिशेब शेतकऱ्याला मी द्यायचा. आणि रकाना अरुंद पडला की आकड्यांच्या जागी आपण जाळ्याच जाळ्या विणता. वैनगंगेकाठी जाळ्यांचं अप्रूप नाही, पण त्यांत निदान मासोळी तरी सापडते.

नावांचं मात्र मनाला लागलं. आडनाव, नाव, मग वडिलांचं नाव अशी आमची रीत. एकाच आडनावाची आणि एकाच नावाची दोन माणसं गावात असतात, ती बापाच्या नावानं ओळखू येतात. रकान्यात नाव मावलं नाही की आपण नेमका बापच कापता. म्हणून हल्ली मी बापाचं नाव आधी लिहितो आणि आडनाव शेवटी. ते कापलं गेलं तरी कुणाचं अडत नाही, कारण अर्ध्या गावाचं तेच आहे.

छपाईचा सोहळा वेगळाच. माणूस पहिल्या पानावर, त्याचं धान दुसऱ्या पानावर आणि दुसऱ्या पानाला मथळाच नाही! 'एका पानात बसवा' म्हटलं, तर अक्षरं कणीएवढी. शेवटी दोन पानं डिंकानं जोडली. जुन्या बहीत रकाना कमी पडला की कारकून कागदाची पट्टी चिकटवायचा. संगणक येऊन इतकी वर्षं झाली, डिंकाची बाटली मात्र टेबलावरून हललेली नाही.

आपल्या घराण्याची कीर्ती साता समुद्रापार आहेच. २०२० मध्ये इंग्लंडात जुन्या एक्सेल साच्यात ६५,५३६ च्या वर ओळी मावेनात आणि कोरोनाचे सुमारे सोळा हजार रुग्ण रोजच्या आकड्यांतून गळाले. त्याच वर्षी शास्त्रज्ञांनी काही जनुकांची नावंच बदलली, कारण आपले भाऊबंद त्यांच्या तारखा करत होते. जिथे जनुकांनी माघार घेतली, तिथे करडीच्या बांधीनं काय टिकाव धरावा?

चूक माझीच, हे मी कबूल करतो. रकाना आधी टेक्स्ट करावा आणि मग लिहावं, क्षेत्राला दोन दशांश ठरवून द्यावेत, मथळ्याची ओळ प्रत्येक पानावर यावी असं आधीच बजावावं. हे सगळं मी आता करतो. आपण मात्र आहात तसेच राहा. वाकायला आम्ही आहोतच.

फक्त एक विनंती. काकाजी सोमवारी पुन्हा येणार आहेत, सातबारा घेऊन. त्यांना पडद्यावर एकदा १२/३ दिसू द्या.

आपला आज्ञाधारक,
नोंदणीवाला