बोटावरचे मार्क

महाराष्ट्राने उंचीच्या बाबतीत माझी परीक्षा कधी घेतलीच नाही. आपलं सर्वोच्च शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. विरळ हवेचा त्रास सुरू होतो तो साधारण अडीच हजार मीटरच्या पुढे. म्हणजे महाबळेश्वरला जाऊन ‘इथे जरा धाप लागते नाही?’ म्हणणाऱ्याने दोष हवेला न देता पोटाला द्यावा. मी रोज सकाळी रत्नागिरीत मांडवीहून चालत निघून भगवतीचा किल्ला चढतो, आणि पायऱ्यांवर टेकलेल्या तरुण मंडळींकडे अशा नजरेने बघतो की त्यांना उठावंच लागतं. त्यामुळे लडाखच्या सहलीचं ठरलं तेव्हा काळजी होती ती हिची. हिला गुडघे आहेत, आणि मारुती मंदिराच्या नाक्यापर्यंतसुद्धा रिक्षा लागते.

लेह ११,५०० फुटांवर. समुद्रकाठून निघालेला माणूस मुंबईत विमानात बसतो आणि जेवायच्या वेळेला तिथे असतो. हॉटेलात गरम पाणी पिऊन होतंय न होतंय तोच सहलीतल्या प्रत्येकाच्या पिशवीतून करोनाच्या काळातला ऑक्सिमीटर बाहेर आला. आमच्या पिढीला टक्के दिसले की शेजाऱ्याचे विचारल्याशिवाय राहवत नाही. साताऱ्याचे एक गृहस्थ ८८. त्यांच्या सौ. ८७. आमची ही ९१! मी बोट पुसलं, चोळलं, दुसरं बोट घातलं. ८२.

‘अहो, मशीन बिघडलं असेल,’ ही म्हणाली. तिच्याच बोटावर तेच मशीन नुकतं नीट चाललेलं होतं, म्हणून मला तो टोमणा वाटला.

सहलीबरोबर आलेल्या तरुण डॉक्टरांनी मला बसवून समजावलं. लेहच्या हवेतही प्राणवायू एकवीस टक्केच असतो. हवेचा दाब मात्र रत्नागिरीच्या दोन-तृतीयांश. त्यामुळे तेवढाच श्वास घेतला तरी आत प्राणवायू कमी जातो. मानेतल्या रक्तवाहिन्यांपाशी बारीकशा गाठी असतात, त्यांना हे आधी कळतं आणि त्या श्वास वाढवतात. फार श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, रक्ताचा तोल अल्कलीकडे झुकतो, आणि तो सावरायला मूत्रपिंडं कामाला लागतात. म्हणून सारखं उठावं लागतं. ‘हे उठणं चांगलं लक्षण आहे, काका.’ या वयात कुणी त्याला चांगलं म्हटल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. ‘आणि माझा किल्ला?’ मी विचारलं. ते म्हणाले, दम असणं वेगळं आणि उंची मानवणं वेगळं. उलट दमदार माणसंच पहिल्या दिवशी बाजार हिंडून येतात आणि आडवी होतात.

इथे मला भाताबद्दल बोललंच पाहिजे. कोकणी माणूस प्राणवायूवाचून काही काळ काढेल. लेहला पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. खळखळ तीच, वाफ तीच, धग मात्र कमी. पाण्याला उकळल्याचा मान मिळतो, तांदळाला शिजल्याचा मिळत नाही. उघड्या पातेल्यातला भात बाहेरून फुललेला आणि आत कणी शाबूत! उकड्या तांदळाच्या मऊ पेजेची आठवण काढून मी ती कणी चावत होतो. चहाचंही तसंच, कितीही उकळला तरी तेवढा तापत नाही. आचाऱ्याने दुसऱ्या दिवशी कुकर लावला तेव्हा कुठे भात झाला, कारण झाकणाखाली रत्नागिरीहूनही जास्त दाब तयार होतो. मला त्या कुकरात जाऊन बसावंसं वाटलं. डॉक्टर म्हणाले, तशी सोय खरंच आहे: उंचावर कुणी फार आजारी पडला आणि लगेच खाली नेता आलं नाही, तर त्याला मोठ्या पिशवीत बंद करून आत हवा भरतात. शिटी तेवढी होत नाही.

पहिल्या रात्री मला जाग आली ती बोटाला चिमटा बसल्यामुळे. ही मोबाइलच्या उजेडात माझ्या बोटाला ऑक्सिमीटर लावून बसली होती. झोपेत माझा श्वास म्हणे थांबत होता, आणि मग धापा टाकत सुरू होत होता. उंचीवर हे पुष्कळांना होतं. कार्बन डायऑक्साइड कमी पडला की मेंदू श्वास घ्यायची आठवणच करत नाही. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं आणि हिने ते ऐकलंही होतं. पण २०२१ च्या उन्हाळ्यात दुधाच्या डायरीत याच हाताने तिने माझे आकडे लिहिले होते. तेव्हा ९४ च्या खाली गेलं की खाट शोधायला निघायचं होतं, आणि आमच्या आळीतल्या दोन घरांना ती वेळेवर मिळाली नव्हती. तिला ८२ हा आकडा मार्क म्हणून वाचताच येत नव्हता. मी मात्र संध्याकाळभर तिच्या ९१ वर जळत होतो.

खरा राग मला वेगळ्याच गोष्टीचा आहे. १९६२ च्या युद्धात जवानांना घाईने उंचावर न्यावं लागलं; विरळ हवेच्या आजारांचा आपल्याकडचा मोठा अभ्यास त्या काळातला. डॉ. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी १९२५ जवानांच्या आजाराची निरीक्षणं १९६९ मध्ये प्रसिद्ध केली. फुप्फुसांत पाणी होतं, मेंदूला सूज येते, आणि पहिला इलाज म्हणजे खाली उतरणं. आज लष्कर धडधाकट जवानालाही ९ ते १२ हजार फुटांच्या टप्प्यावर सहा दिवस देतं. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत सत्तरीच्या काकूंसाठी दीड दिवस होता, आणि त्यातही ‘स्थानिक खरेदी’. मी दर वाढवून द्यायला तयार होतो, दिवस वाढवून मिळेनात. शेवटी डॉक्टरच अडून बसले आणि खार्दुंगला खिंडीचा बेत दोन दिवस पुढे गेला. काकू कुरकुरल्या. मीही तोंडदेखला कुरकुरलो.

खार्दुंगलाच्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं. नीट मोजल्यावर ती खिंड १७,५८२ फूट भरते. स्वतःला आठशे फूट वाढवून सांगत आलेल्या त्या पाटीबद्दल मला एकदम आपुलकी वाटली. तिच्याशेजारी उभा राहून पोट आत घेऊन फोटो काढला, आणि त्यानंतर बराच वेळ श्वास गोळा करत गाडीत बसलो.

रत्नागिरीत कुणी विचारलं तर मी १८,३८० च सांगतो. माझा ऑक्सिजन किती होता असं विचारलं, तर माझ्या आधी ही उत्तर देते. ती ८९ सांगते.