बावीस कॅरेटची नात
(एकपात्री विनोदी प्रयोग)

(रंगमंचावर व्याख्यानपीठ. ते इतके उंच, की व्याख्याता कमरेच्या वरच दिसतो. अंगात काळा कोट, डोक्यावर फेटा. शेजारच्या टेबलावर झाकलेली दुरडी.)

व्याख्याता : (चष्मा पुसून, कमालीच्या गांभीर्याने) सातारा जिल्ह्यातील माण व खटाव आणि सांगली जिल्ह्यातील खानापूर व आटपाडी हे तालुके पर्जन्यछायेत येतात. पर्जन्यछाया म्हणजे असा प्रदेश, की जेथे पोहोचेपर्यंत ढगांनी आपला सारा ऐवज सह्याद्रीत उधळलेला असतो आणि पुढे ते केवळ तोंड दाखवण्यापुरते येतात. शेतीवर पोट भरेना, तेव्हा येथील अनेक कुटुंबांनी गलाईचा धंदा धरला. गलाई म्हणजे जुने दागिने मुशीत आटवून, त्यांतील हीण तेजाबाने वेगळे काढून सोनेचांदी शुद्ध करणे. या धंद्याच्या मागे ही माणसे केरळ, तमिळनाडू, पंजाब, बंगाल अशी देशभर पांगली, आणि परिणामी असे घडले, की ज्यांच्या गावात वर्षातून दोनदा धड पाऊस पडत नाही, त्यांच्या भट्ट्या मात्र तीनशे पासष्ट दिवस पेटलेल्या राहिल्या.

(दुरडीकडे पाहतो, उघडत नाही.)

अभ्यासाच्या सोयीसाठी एक नमुना कुटुंब घ्यावे. वडील त्रिशूरच्या सराफ बाजारात गलाई करतात, आजी खानापूर तालुक्यातच राहते, आणि सातवीतली मुलगी मल्याळममध्ये स्वप्ने पाहते, मराठीत जेवते व दोन्ही भाषांत गृहपाठ टाळते. द्विसांस्कृतिक अपत्य ते हेच. द्विसांस्कृतिक म्हणजे दोन संस्कृतींत वाढणारे. व्यवहारात मात्र त्याचा अर्थ दोन्हीकडच्या नातेवाइकांचे टोमणे खाणारे, असा होतो.

केरळातील शाळांना एप्रिल व मे महिन्यांत सुटी असल्याने हे कुटुंब चैत्रात आटपाडी तालुक्यातील खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेला येते. त्रिशूरच्या पूरम उत्सवात समोरासमोर पंधरा-पंधरा हत्ती उभे राहिलेले पाहून मोठी झालेली ती मुलगी पालखीसमोर उभी राहते आणि अत्यंत शास्त्रीय प्रश्न विचारते.

(मुलीच्या आवाजात) "आज्जी, हत्ती कधी येणार?"

(पुन्हा गंभीर) या प्रश्नाने भावकीत जी खळबळ उडते, तिचा निष्कर्ष आजी एका वाक्यात काढते : "पोरगी पार तिकडची झाली की रं!" हे म्हणताना आजी ज्या खोबऱ्याची उधळण करीत असते, ते माणदेशाच्या माळावर पिकत नसून दक्षिणेकडच्या नारळबागांतून आलेले असते, ही गोष्ट सभ्यतेपोटी तिला कोणी सांगत नाही.

येथे वडिलांची अडचण लक्षात घेतली पाहिजे. आयुष्यभर सोन्यातील मिश्रण काढण्याची मजुरी घेणाऱ्या गृहस्थाच्या घरातच मिश्रण निघाले आहे, आणि गावाची अपेक्षा अशी, की त्याने लेकीलाही एकदा मुशीत घालावे. परंतु धंद्याचेच ज्ञान त्याच्या मदतीला येते. चोवीस कॅरेटचे सोने इतके मऊ असते, की त्याची बांगडी धड आकार धरत नाही. म्हणून त्यात तांबे किंवा चांदी मिसळून ते बावीस कॅरेटचे करतात, आणि त्या दागिन्यावर ९१६ हा आकडा उमटतो, म्हणजे हजारात नऊशे सोळा भाग सोने. चोवीस कॅरेटचे बिस्कीट तिजोरीत पडून राहते. लग्नाला मिरवते ती बावीस कॅरेटची बांगडीच.

(दुरडी उघडतो. हिरवी मिरची उंचावून दाखवतो.)

तरीही आजीचा दावा कायम राहतो, की घरात शुद्ध ते केवळ तिच्या हातचे खाणे. पुरावा क्रमांक एक : ठेचा. मिरची मूळची मेक्सिकोतील. तेथे ती हजारो वर्षांपूर्वी लागवडीखाली आली व १६व्या शतकात पोर्तुगीज जहाजांतून भारताच्या किनाऱ्याला लागली. १२९० साली ज्ञानेश्वरी पूर्ण झाली, तेव्हा महाराष्ट्रातल्या एकाही चुलीवर मिरचीची फोडणी पडत नव्हती. त्या काळी तिखटपणाची जबाबदारी आले, पिंपळी आणि मिरी यांच्यावर होती, आणि मिरी येत असे मलबारातून, म्हणजे आजच्या केरळातून. (मिरची खाली ठेवून, सावकाश) सबब, या कुटुंबात जुन्या दख्खनी तिखटाच्या मुलखातून आलेली व्यक्ती म्हणजे नात होय, आणि मेक्सिकन वारसा खलबत्त्यात घालून नेटाने जपणारी व्यक्ती म्हणजे आजी.

(झेंडूची माळ गळ्यात घालतो.)

पुरावा क्रमांक दोन : झेंडू. हाही मेक्सिकोचाच. तेथे १ आणि २ नोव्हेंबरला, गेलेली माणसे घरी भेटीला येतात या श्रद्धेने, त्यांची तसबीर व आवडते पदार्थ मांडून झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात. आपल्याकडे सर्वपित्रीला पितर जेवून जातात, आणि मग दसऱ्याला दारावर झेंडूचे तोरण चढते. त्रिशूरमध्ये ती मुलगी ओणमच्या फुलांच्या रांगोळीत हाच झेंडू भरते. म्हणजे दसऱ्याला भट्टीची आणि तराजूची पूजा करणारे हे गलाई कुटुंब एकाच विदेशी फुलावर दोन मुलखांतले सण भागवते, आणि फुलवाल्याशी भाव मात्र दोन्ही वेळा तितक्याच निष्ठेने करते.

(मक्याचे कणीस काढतो.)

पुरावा क्रमांक तीन : मका. याच्या तर मेक्सिकोतल्या माहेरीच एक वर्धेकर जाऊन राहिले. गदर चळवळीतील क्रांतिकारक डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे ब्रिटिशांना चुकवीत १९२०च्या दशकात मेक्सिकोत पोहोचले, चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवू लागले आणि मक्याच्या वाणांवर त्यांनी संशोधन केले. चित्रकार दिएगो रिवेरा यांनी मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांना पंगतीत, भाकरी वाटण्याच्या मानाच्या जागी बसवले. पत्नी बेल्जियमची, सावित्री आणि माया या मुली मेक्सिकोत जन्मल्या. वडिलांचे घर वर्ध्याचे, आजोळ युरोपातले आणि अंगण मेक्सिकोचे, अशा त्या मुलींना 'तुम्ही नक्की कुठल्या?' हा प्रश्न विचारणाऱ्याला आधी नकाशाच हाती द्यावा लागला असता. पुढे सावित्री साहनी यांनीच वडिलांचे चरित्र लिहिले; दोन घरचे मूल घराचे नाव बुडवते म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

(माळ गळ्यात, कणीस हातात, मिरची खिशात.)

कराडजवळच्या टेंभू येथून कृष्णेचे पाणी उपसून आता आटपाडीपर्यंत पोहोचले आहे, त्यामुळे 'आता तरी परत या' असे गाव म्हणते. परंतु पाणी चढावर चढवता येते, सातवीतल्या मुलीचे मैत्रिणींपासून मन वळवता येत नाही. तेव्हा तिला दोन्हीकडचे सण, दोन्हीकडचे जेवण आणि दोन्हीकडच्या शिव्या पूर्ण मिळाव्यात, एवढीच शिफारस हे संशोधन करते.

काही प्रेक्षकांना हे मिश्रण अजूनही खुपत असेल. त्यांच्यासाठी शेवटचा पुरावा सांगलीचाच. तेथे कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा कानडी खेळ पाहिल्यानंतर सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या सांगण्यावरून विष्णुदास भावे यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' रंगवले, आणि मराठी रंगभूमी उभी राहिली. नाट्यपंढरी म्हणवणाऱ्या सांगलीचे हे लेकरूसुद्धा दोन घरचेच! त्यामुळे ज्यांना सर्व काही निर्भेळ हवे, त्यांनी कृपया हे नाट्यगृह तत्काळ सोडावे.

(व्याख्यानपीठामागून बाहेर येतो. काळ्या कोटाखाली सोनेरी काठाची केरळी मुंडू. प्रेक्षकांना वाकून नमस्कार करतो.)

तिकिटाचे पैसे मात्र परत मिळणार नाहीत, कारण ही सूचना शुद्ध मराठीत, तिकिटाच्या मागेच छापलेली आहे.

(पडदा)