नीना कुठंय?

झाडाच्या ढोलीत मार्करनं घुबड दडवायचं आणि कोणाला दिसेना की स्वतःच बोट ठेवून दाखवायचं, ही हौशी चित्रकारांची जुनी खोड. अमेरिकन व्यंगचित्रकार अल हर्शफेल्ड यांना १९४५ मध्ये मुलगी झाली. तेव्हापासून नाटकांवरच्या चित्रांत, नटनट्यांच्या केसांत, बाह्यांच्या चुण्यांत ते तिचं ‘नीना’ हे नाव लपवू लागले. पुढे सहीशेजारी आकडाही आला: चित्रात नीना किती? झालं! नाटक राहिलं बाजूला, वाचक नीना मोजत बसले. हर्शफेल्ड हे बंद करायला गेले, तर तक्रारी. आपल्याला एवढी मेहनत कशाला? रंगवायच्या वहीत अल्कोहोल मार्कर दोनदा फिरवा, मागच्या पानावरचं फुलपाखरू आपसूक गुप्त होतं. वर पांढऱ्या जेल पेनाचा ठिपका द्या आणि विचारणाऱ्याला सांगा, ‘नीट बघा, आहे तिथंच!’