उतारावरनं धोंडाबी पळतोय

आत्या पडवीत तांदूळ निवडत बसली होती. मी जरा रंगवूनच सांगितलं: एव्हरेस्टच्या बेस कॅम्पवरून निघायचं आणि ४२ किलोमीटर पळत खाली नामचे बाजारला यायचं. सुपातली नजर न काढता ती म्हणाली, "म्हंजी उताराचंच पळायचं. उतारावरनं धोंडाबी पळतोय की रं. त्याला कुनी मेडल देतंय का?"

याला उत्तर नव्हतं. मराठीत उताराचं नाव तसं चांगलंच. तापाला उतार पडला की घरात निवांत चहा टाकला जातो. विषावर उतारा असतो, दृष्टीवर असतो, आणि तलाठ्याकडून सातबाराचा उतारा हातात पडला की माणसाच्या जिवात जीव येतो. उतारवय तेवढं एक अवघड. आणि मी नेमकं तेच सोबत घेऊन निघालो होतो.

२९ मे १९५३ रोजी तेनसिंग आणि हिलरी शिखरावर पोचले, म्हणून ही शर्यत दरवर्षी २९ मेलाच असते. सुरू झाली २००३ मध्ये, त्या चढाईला पन्नास वर्षं झाली तेव्हा. बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर, नामचे ३,४४० च्या आसपास. आपली कळसूबाई १,६४६ मीटरची, तेव्हा समुद्रापासून मोजलेली अख्खी कळसूबाई उतरायची आणि वर आणखी एक बरीशी टेकडी. मॅरेथॉनच्या जागतिक विक्रमासाठी रस्ता किलोमीटरमागे सरासरी एक मीटरपेक्षा जास्त उतरता चालत नाही. बोस्टनची शर्यतही या नियमात अडकते. म्हणजे ४२ मीटर माफ. उरलेल्या अठराशे ऐंशी मीटरचे आम्ही गुन्हेगार.

पण उतार मिळवायला आधी चढावं लागतं. या शर्यतीच्या सुरुवातीच्या रेषेपर्यंत गाडी जात नाही. लुक्लापासून आठ-दहा दिवस चालत जावं लागतं. बेस कॅम्पला हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्यावर येतो, त्याची शरीराला हळूहळू सवय करावी लागते. नामचेपर्यंत आमच्यात विनोद फार चालले. लोबुचेला विनोद सांगणाराच मध्येच थांबून श्वास घेऊ लागला. गोरक्षेपला ऐकणाऱ्यांनी हसणं सोडून दिलं, परवडत नव्हतं.

तंबू थेट खुंबू हिमनदीवर. रात्री खाली बर्फ कडकडतो, जणू तळघरात कुणी कपाटं सरकवतंय. सकाळी शर्यत सुटली आणि मी धावलो. म्हणजे माझ्या मते धावलो. फोटोत मी रेशनच्या रांगेत उभा असल्यासारखा दिसतो. पायाखाली सह्याद्रीतल्यासारखाच घसारा, फक्त हा हिमनदीने आणून टाकलेला, आणि उतार म्हणावा तर चार पावलांनी पुन्हा चढ. बरोबरच्या वाटाड्याला विचारलं, पुढे कसं आहे? तो म्हणाला, "अलि उकालो, अलि ओरालो." थोडा चढ, थोडा उतार. नेपाळात याला सपाटी म्हणतात.

थुकलाच्या वर एव्हरेस्टवर गेलेल्यांच्या आठवणीचे दगडी चोर्तेन आहेत. तिथून पळत जाणं बरं वाटेना, म्हणून चाललो. (तसाही चालतच होतो.)

त्यापुढच्या उतारावर आत्याचा धोंडा आठवला. धोंड्याला थांबायचं नसतं, हा मोठा फरक. माणसाला दर पावलाला स्वतःला अडवावं लागतं. चढताना मांडीचा स्नायू आखडून काम करतो. उतरताना तोच स्नायू भार पेलता पेलता ताणला जातो आणि आतले तंतू बारीक बारीक उसवतात. दम फारसा लागत नाही, म्हणून त्या वेळी काही कळतही नाही. एसटीचे जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. मी टॉप गिअर टाकला होता. दिंगबोचेपर्यंत ब्रेक तापले. नेपाळी पोरं मात्र उताराशी भांडतच नव्हती: पावलं लहान, गुडघे किंचित वाकलेले, हात कोंबडीच्या पंखांसारखे फाकलेले. मी दिंगबोचेला सूप पीत होतो तेव्हा ती बहुधा नामचेत जेवत होती. समोरून याक आले की दरीच्या बाजूला नाही, डोंगराच्या बाजूला उभं राहायचं असतं. मी प्रत्येक याकासाठी अगदी अगत्याने थांबलो. एक-दोनदा याक दिसायच्या आधीच.

खरा दगा पुढे होता. तेंगबोचेचा मठ ३,८६० मीटरवर. तिथून झाडीतली वाट फुंकी टेंगाला दूधकोसीच्या पुलावर येते, तो ३,२५० वर. हे आकडे पुलावर उभं राहून पुन्हा मोजले. शेवटची रेषा ३,४४० वर आणि मी तिच्याही खाली! उतरायच्या शर्यतीत मी गरजेपेक्षा जास्त उतरलो होतो आणि आता ते व्याजासकट परत चढायचं होतं. कारण पुढची वाट नामचेपेक्षाही वर चढून मग खाली येते. सह्याद्रीत इतकी वर्षं मी चढाला शिव्या घालत आलो. त्या दिवशी चढ लागला आणि चक्क हायसं वाटलं. छाती बोंबलत होती, पण मांड्या गप्प झाल्या.

नामचेत पोचलो तेव्हा कमानीखाली टाळ्या वाजवायला दोनच माणसं उरली होती. त्यातला एक कमान उतरवायला आला होता.

उताराचं दुखणं लगेच येत नाही, एक-दोन दिवसांनी भरात येतं. नामचे म्हणजे घोड्याच्या नालेसारखं, पायऱ्यापायऱ्यांवर वसलेलं गाव. माझी खोली दुसऱ्या मजल्यावर, नाश्ता तळमजल्यावर. सकाळी कठडा धरून, भिंतीकडे तोंड करून, उलटा उतरलो. मालकीणबाईंनी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून चहा वर पाठवू लागल्या.

एकदा असं सोसलेला स्नायू पुढचे काही आठवडे उताराला कमी दुखतो, हे मला घरी आल्यावर कळलं. तेव्हा जाणार असाल तर आधी दोन-तीनदा सिंहगड उतरून या. वर हवं तर जीपने जा, कुणी हसलं तर हसू द्या. आणि नामचेत खोली तळमजल्यावरची मागा.