निवांतपणाची शेजपाळी

निवांतपणाच्या शोधात निघालेली माणसं बघायची असतील, तर शनिवारी सकाळी आमच्या सारोळ्याच्या सर्व्हिस रोडला येऊन उभं राहावं. महाबळेश्वर, कास, कोल्हापूर, गोवा... डिकीत चटया, टपावर सायकली, काचेला पोरांची नाकं चिकटलेली. नीरेचा पूल ओलांडला की सातारा जिल्हा आणि सातारा जिल्हा लागला की सुट्टी सुरू, असा पुणेकरांचा हिशेब आहे. रविवारी रात्री तीच नाकं उलट्या दिशेनं जातात. ही विश्रांती उतरायला आता आठवडा लागणार, असे चेहरे.

अण्णा हे कितीतरी वर्षं बघत आलेत. त्यांचं निदान एका वाक्याचं आहे : "पत्रक नसतं ह्यांच्याकडं."

अण्णा पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. नोकरीचा मोठा भाग नीरा डाव्या कालव्यावर गेला. हा कालवा वीरपासून निघून बारामती, इंदापूरकडे जातो. वर भाटघरच्या धरणात साडेतेवीस टीएमसी पाणी मावतं, पण ते कुठल्या चारीला, कुणाच्या शेताला, कोणत्या वारी, किती वाजून किती मिनिटांनी मिळणार, हे कागदावर मांडणं म्हणजे शेजपाळी. बापूंचं दारं रात्री दोन ते चार, मग नानांचं. पाणी हवं तर सात नंबरचा अर्ज भरायचा. अर्ज नसताना दारं मोडलं की पंचनामा. असं आयुष्य काढलेल्या माणसाच्या डोक्यातून निवृत्तीनंतर पाणी ओसरतं, पत्रक ओसरत नाही. अण्णांकडच्या सत्यनारायणालासुद्धा आम्हाला पाच-वीस ते पाच-पस्तीस अशी प्रसादाची पाळी मिळते.

तर झालं असं की त्यांचा पुतण्या ऑकलंडला असतो, त्याचा फोन आला. "अण्णा, काकूंना घेऊन या. इथनं विमानानं चारेक तासांवर सामोआ. तिथल्या एखाद्या खेड्यात समुद्राकाठी चार दिवस राहू. काही करायचं नाही. नुसतं बसायचं."

"नुसतं म्हणजे किती ते किती?" अण्णांनी विचारलं.

पुतण्या हसला. अण्णा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी शिरवळला जाऊन त्यांनी दोनशे पानी रजिस्टर आणलं आणि पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिलं : निवांत बसणे – पूर्वतयारी.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मला बोलावणं येऊ लागलं. सामोआबद्दल मला जे काही ठाऊक आहे, ते अण्णांच्या ओसरीवर, त्यांच्या नातवाच्या मोबाइलवरून आणि अण्णांच्या शेऱ्यांसकट कळलेलं आहे. उदाहरणार्थ, पावसाळा आणि वादळं नोव्हेंबर ते एप्रिल, कोरडे दिवस मे ते ऑक्टोबर. "म्हणजे खरीप-रब्बी उलटं धरायचं," अण्णांनी नोंद केली. तिथलं चलन टाला. "नावातच सांगतंय, टाळा," आतून काकू म्हणाल्या. काकूंचा या प्रकरणाला पहिल्यापासून विरोध होता.

घरांवर गाडी बरीच अडली. तिथलं पारंपरिक घर म्हणजे फाले : गोल किंवा लांबट जोतं, भोवती खांब, वर छप्पर आणि भिंती नाहीतच. वारा आला की नारळाच्या झावळ्यांचे विणलेले पडदे सोडायचे, एवढंच.

"भिंती नाहीत तर कुलूप कशाला लावायचं?" अण्णा.

"आणि खुंटी?" काकू. "ह्यांचा सदरा कशावर टांगायचा?"

खरी खळबळ उडाली ती तारखांवरून. आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या कोणत्या बाजूला असावं, याबद्दल सामोआनं आपलं मत दोनदा बदललंय. १८९२ साली अमेरिकेच्या सोयीनं त्यांनी ४ जुलै हा दिवस दोनदा पाळला. पुढं व्यवहार न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाशी वाढले, तेव्हा उलटी उडी मारली. २०११च्या डिसेंबरात गुरुवारी २९ तारखेला माणसं झोपली ती थेट शनिवारी ३१ला उठली. शुक्रवार आलाच नाही.

मला वाटलं, अण्णा 'काय सांगतोस' म्हणतील. अण्णांनी चष्मा काढून पुसला. "शुक्रवारची पाळी कुणाची होती?"

नातवाला काही सांगता येईना. त्या रात्री अण्णा जेवले नाहीत. सकाळी मात्र प्रसन्न चेहऱ्यानं आले. "जमलं रे. ९२ साली एक दिवस जादा उचलला होता, तो एकशे एकोणीस वर्षांनी वळता करून घेतला. वसुली म्हणतात ह्याला."

तसाच रस्त्याचा प्रश्न. तिथं गाड्या उजवीकडून चालायच्या. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियातल्या जुन्या गाड्या स्वस्तात आणता याव्यात म्हणून ७ सप्टेंबर २००९ला अख्खा देश एका सकाळी डावीकडं आला. पुतण्याला याचं फार कौतुक. आम्हा सारोळेकरांना त्याचं काय? आमच्या सर्व्हिस रोडला हा बदल रोज होतो, तोही दोन्ही बाजूंनी एकाच वेळी.

'ट्रेझर आयलंड' लिहिणारा स्टीव्हन्सन तब्येतीसाठी म्हणून सामोआत जाऊन राहिला होता, तिथंही सारखं लिहीतच राहिला आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी, १८९४ साली, तिथंच गेला. ते ऐकून अण्णांनी रजिस्टरात समासाला लिहिलं : विश्रांतीच्या जागी कामकाज करू नये.

पुतण्याचा सूर अजून तोच. "अण्णा, एवढं काय करताय? खेडं आहे ते. मोकळंढाकळं. जायचं आणि पडायचं."

मग कळलं की तिथं नुसतं पडता येत नाही. प्रत्येक कुटुंबाचा एक मताई, म्हणजे कर्ता. मताईंची मिळून ग्रामसभा, फोनो. ती नियम करते आणि मोडणाऱ्याला दंडही करते. डुकरं, विणलेल्या चटया, डबाबंद मासळीची खोकी अशा रूपात. फालेमध्ये मांडी घालून बसायचं, कुणाकडं पाय करायचे नाहीत. रविवारी देऊळ – त्यांचं चर्च – आणि जेवण, बाकी काही नाही. कित्येक गावांत त्या दिवशी समुद्रात उतरलेलंही चालत नाही. रोज सांजेला शंख किंवा घंटा वाजते. मग दहा-वीस मिनिटं प्रार्थना आणि तेवढ्या वेळात गावातून कुणी हिंडायचं नाही. लुंग्या नेसलेली तरणी पोरं रस्त्याच्या कडेला उभी राहतात आणि पाहुण्यालाही हात आडवा करून थांबवतात.

पुतण्याचा आवाज पडला. अण्णांचे डोळे मात्र चमकायला लागले. "म्हणजे निवांतपणाला पाटकरी नेमलेत! मी काय म्हणत होतो?" फोन ठेवल्यावरही ते कितीतरी वेळ मान हलवत होते. परमुलखात आपल्याच खात्याचा माणूस भेटावा तशी.

काकूंचं मतही त्याच संध्याकाळी फिरलं, पण दुसऱ्याच कारणानं. नातू वाचत होता : रविवारचं जेवण 'उमू'त होतं. दगड तापवून त्यावर अळकुड्या, नीरफणस, मासे मांडायचे, वरून पानं झाकायची. हे काम रीतीनं पुरुषांचं.

काकू हातातलं लाटणं घेऊन उंबऱ्यात आल्या. "पुन्हा वाच."

त्यानं पुन्हा वाचलं.

"तिकीट कितीला पडतं?" काकूंनी विचारलं.

एकदम परदेशात जाऊन बसायला जमलं नाही तर काय, म्हणून अण्णांनी इथंच रंगीत तालीम काढली. गाई विकल्यापासून मागचा गोठा रिकामा होता : चार लोखंडी खांब, वर पत्रा, भिंती नाहीत. आयता फाले. त्यात एक वेताची खुर्ची ठेवली. मांडीचा सराव गुडघ्यांनी पहिल्याच दिवशी नामंजूर केला होता. खांबाला पत्रक लागलं. चार ते पाच अण्णा. पाच ते सहा मी, 'पाहुणे' या सदरात. सहा ते सव्वासहा नातू. सव्वासहा ते पावणेसात काकू. आधी अर्ज भरायचा. सात नंबरच्या नमुन्यात 'पीक' असतं तिथं अण्णांनी 'दमण्याचे कारण' असा रकाना पाडला होता. मी 'सर्वसाधारण' असं लिहिलं, ते मंजूर झालं.

चार दिवस तालीम उत्तम चालली. निवांत बसलेल्या माणसाला चार-दहाला चहा, पाचला पोहे, साडेपाचला पुन्हा चहा. सव्वासहाला नातू कुरकुरत खुर्ची सोडायचा, अण्णा शंख फुंकायचे आणि मी घरी जायचो. पाचव्या दिवशी साप्ताहिक गोषवारा काढताना अण्णा थबकले. काकूंच्या रकान्यात चारही दिवस शून्य.

"अगं, तुझी पाळी कोरडी गेली सगळी!"

"सव्वासहाला कणीक मळायची असते." काकू कपबश्या उचलत होत्या. "आणि टेलला पाणी कधी पोचलंय हो?"

हे वाक्य अण्णांनी नोकरीभर ऐकलं होतं. कालव्याच्या शेवटच्या टोकाला, इंदापूरकडच्या शेतकऱ्यांनी ते कधी अर्जात लिहिलं, कधी जीपसमोर आडवं पडून सांगितलं. अण्णांनी खांबावरचं पत्रक काढलं, मागल्या बाजूला नवं आखलं. वर लिहिलं : टेल टू हेड.

दुसऱ्या दिवशी चारला काकू खुर्चीत बसल्या. पाय स्टुलावर. सामोआच्या माहितीचे नातवानं छापून आणलेले कागद त्यांनी वारा घ्यायला वापरले, आणि चार-दहाला, चहाच्या ठरल्या वेळेला, त्या गाढ झोपल्या होत्या. अण्णा स्वयंपाकघरात गेले. बऱ्याच वेळानं बाहेर येऊन मला हळूच विचारलं, "साखर कशात असते?" माझ्या घरची असती तर सांगितली असती, असं नाही.

पाचला मी माझ्या पाळीवर हजर झालो. "आज रद्द," अण्णा कुजबुजले.

"कारण?"

"वरनं पाणी सुटलेलं नाही."

सहा वाजले, साडेसहा झाले. शंख वाजला नाही. दिवेलागणीला मी दुकानातून तूप घेऊन स्कूटरवरून परत येत होतो, तर बोळाच्या तोंडाशी अण्णा उभे. लुंगी नेसलेली, एक हात रस्त्यावर आडवा. दुसऱ्या हातानं त्यांनी किल्ली बंद करायची खूण केली. माझ्यामागून दुधाची मोटारसायकल आली, तीही थांबवली. आम्ही दोघांनी गाड्या ढकलत गोठ्यावरून नेल्या.