कोय एक, वारस दोन

महाराष्ट्रात वसंत ऋतूची नोंद तीन ठिकाणी होते आणि तिन्ही नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत. पंचांगात चैत्र आणि वैशाख हे वसंताचे महिने. हवामान खाते मार्च ते मे हा मोसमी पावसाआधीचा काळ एकत्र धरते आणि वसंताला वेगळा रकाना देत नाही. तिसरी नोंद घरातली. ज्या घरात तीन ते नऊ वयाची दोन मुले आहेत तिथे वसंत होळीच्या सकाळी पिचकारीबरोबर येतो आणि जूनच्या मध्यावर शाळेची घंटा वाजली की जातो. या काळात बाहेर पळस, पांगारा, काटेसावर आणि पुढे बहावा फुलतो. आत ‘तिला जास्त दिलंस’ हे वाक्य फुलते आणि ते तिन्ही महिने टिकते.

या ऋतूचे कौटुंबिक सूत्र थोडक्यात असे: वसंतात घरी येणारी प्रत्येक महत्त्वाची वस्तू एकच असते आणि अपत्ये दोन असतात. गुढी एक, गाठीचे पदक एक, कूलरसमोरची जागा एक, एसटीची खिडकी एक, आंब्याची कोय एक. बाकीचा सगळा वसंत हा या सूत्राचा विस्तार आहे.

दोन ही संख्या निसर्गाची नव्हे, शासनाची. भारताने १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. पुढे लाल त्रिकोण भिंतींवर चढला आणि ‘हम दो, हमारे दो’ शाळकरी पोरांनाही पाठ झाले. महाराष्ट्राने घोषणेवर न थांबता नियम केले. २००१ च्या सप्टेंबरनंतर तिसरे अपत्य झालेल्याला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येईना, आणि २००५ च्या लहान कुटुंबाच्या नियमांनी तशीच अट सरकारी नोकरीला लावली. धोरण आखणाऱ्यांनी धान्याचा, शाळांचा, रोजगाराचा हिशेब केला. कोयीचा केला नाही. एकुलत्या एका मुलाच्या घरी कोयीवरून वाद होत नाही. सात-आठ भावंडांच्या जुन्या घरात कोय ज्याच्या हाती लागे त्याची असे, कारण अपील ऐकायला कोणाला सवड नव्हती. मुले नेमकी दोन असली की वादी एक, प्रतिवादी एक आणि न्यायाधीश चोवीस तास हजर, अशी रचना आपोआप तयार होते. पुढील विवेचनात थोरली तिसरीत आणि धाकटा बालवर्गात धरला आहे. ज्यांच्या घरी क्रम उलटा असेल त्यांनी नावे बदलून घ्यावीत. निकाल तोच येतो.

होळी फाल्गुनी पौर्णिमेला पेटते. त्या रात्री बोंब मारायला परंपरेची मुभा आहे, त्यामुळे ज्याचा सराव वर्षभर चालतो ते एका रात्रीपुरते कायदेशीर होते. रंग खेळण्याचा दिवस गावागणिक बदलतो. मुंबईत तो दुसऱ्या दिवशी, धुळवडीला. नाशकात पाचव्या दिवशी, रंगपंचमीला. तिथे त्यासाठी जुन्या रहाडी, म्हणजे रंगाचे हौद, उघडतात. सोसायटीत सगळ्या जिल्ह्यांची कुटुंबे एका जिन्यावर नांदत असल्याने मुले दोन्ही दिवस खेळतात, आणि ‘पाणी वाचवा’ ही सूचनाही लिफ्टमध्ये दोन्ही दिवस लागते. अनुभवी पालक पिचकाऱ्या दोन आणतात, एकाच दुकानातून, एकाच रंगाच्या, एकाच किमतीच्या. दुपारपर्यंत त्यांतली एक मोडते. मोडलेली कोणाची, याविषयी दोन्ही पक्षांचे म्हणणे ठाम आणि समान असते: दुसऱ्याची.

चैत्र शुद्ध प्रतिपदेला गुढी उभी राहते. वेळूची काठी, तिला जरीचे वस्त्र, कडुलिंबाचा आणि आंब्याचा डहाळा, फुलांचा हार, साखरेची गाठी आणि वर पालथा तांब्या. मराठवाड्यात आणि विदर्भात गाठ्या होळीपासूनच मुलांच्या गळ्यात पडतात. गाठीची अडचण तिच्या घडणीतच आहे. बाजूच्या लहान चकत्या मोजून वाटता येतात, पण मधोमध लोंबणारे मोठे पदक एकच असते. ते फोडून अर्धे-अर्धे दिले तर दोघांनाही नको असते, कारण मागणी साखरेची नसून पदकाची असते. अकरा महिने साखरेविरुद्ध प्रवचन देणारी आई त्या दिवशी साखरेचे तुकडे वजनकाट्यावर तोलताना आढळते.

त्याच सकाळी कडुलिंबाची कोवळी पाने, गूळ, ओवा, चिंच, मीठ आणि हिंग वाटून केलेली गोळी प्रत्येकाच्या हातावर ठेवली जाते. संपूर्ण ऋतूत ही एकच वस्तू अशी आहे की तिच्यावरचा हक्क दोन्ही अपत्ये बिनशर्त सोडतात. थोरली आपला वाटा धाकट्याला देऊ करते. धाकटा ताईच्या आरोग्याची काळजी वाहतो. पाडव्याला भेटायला आलेले पाहुणे यावरून भावंडांत फार प्रेम आहे असा निष्कर्ष काढतात आणि तसे फोनवरून इतरांना कळवतात.

३१ मार्चपर्यंत वडील आर्थिक वर्षाच्या ताब्यात असतात. या काळातले सगळे तंटे ‘मार्चएंड झाला की बघू’ या शेऱ्यासह तहकूब होतात. पाठोपाठ वार्षिक परीक्षा येते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणालाही नापास करायचे नाही असे ठरले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्राने पाचवी आणि आठवीला पुन्हा परीक्षेची अट घातली. खालच्या वर्गांना ती नाही. म्हणजे तिसरीतल्या मुलीला त्याच वर्गात ठेवून घेण्याचा अधिकार आज कोणालाच नाही. ही बातमी पालकांपर्यंत पोचलेली नाही. आई रजा टाकते, टीव्हीचा रिमोट कपाटात जातो आणि धाकट्याने पंधरा दिवस आवाज न करता जगावे असा ठराव होतो. धाकट्याला यात वेगळाच अन्याय दिसतो. घरात परीक्षा एकच आली आहे आणि ती ताईला मिळाली आहे. तो रडतो, म्हणून आजी त्याचीही परीक्षा घेते. त्यात त्याला पैकीच्या पैकी गुण पडतात. थोरलीला शाळेत तेवढे पडत नाहीत. नवे प्रकरण दाखल होते.

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत राहते. मधल्या एका संध्याकाळी हळदीकुंकू ठरते: आंब्याची डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे, आणि गौरीपुढे पायऱ्यापायऱ्यांची आरास. सगळ्यात खालची पायरी चार वर्षांच्या मुलाच्या हाताला येईल अशा उंचीवर असते, हे आरास मांडणाऱ्यांच्या लक्षात दर वर्षी पाहुण्या आल्यानंतर येते. पन्ह्यासाठी आणलेल्या कैऱ्यांतल्या दोन तिखटमीठ लावून मुलांना मिळतात. त्यांची वाटणी आजोबा स्वखुशीने अंगावर घेतात. एका वाटीत फोडी जास्त दिसल्या की त्यातली एक ते स्वतः खातात. मग दुसरी वाटी जड ठरते, म्हणून तिच्यातली एक. दोन मांजरांना लोणी वाटून देणाऱ्या माकडाची गोष्ट मुलांना आदल्या रात्री याच आजोबांनी सांगितलेली असते.

वैशाखात आंबा घरात येतो आणि ऋतू ऐन भरात येतो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आंबा कोणत्या जिल्ह्याचा, हा वाद त्यामुळे कायद्याने मिटला. घरात आल्यावर तो कोणाचा, हा राहिला. आंबा कापला की दोन बाजूंच्या दोन फोडी निघतात. इथवर निसर्गाने कुटुंबनियोजन पाळले आहे. मध्ये मात्र कोय उरते. न्याय्य वाटणीची एक जुनी युक्ती अशी, की एकाने कापायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचे. पोलंडचे गणिती ह्यूगो स्टाइनहाउस यांनी १९४८ मध्ये या प्रश्नाची रीतसर गणिती मांडणी प्रसिद्ध केली आणि दोनाहून जास्त वाटेकऱ्यांचाही विचार केला. पण त्या पद्धतीत वस्तू कापता येते हे गृहीत आहे. कोय कापता येत नाही. शिवाय कापणाऱ्याच्या हाती सुरी द्यावी लागते, आणि सुरी घरात एकच धारदार असते.

कायद्याकडे वळावे तर त्याचा इतिहास मोठा आहे. मनुस्मृतीत ज्येष्ठ पुत्राला विसावा हिस्सा जादा आहे. चालुक्यांच्या राज्यात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर मिताक्षरा लिहिली. तिने हा जादा हिस्सा लोकांना रुचत नाही म्हणून बाजूला सारला आणि वडिलार्जित मालमत्तेत मुलांचा जन्मापासून समान हक्क मानला. मुलींना तो महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, देशाने २००५ मध्ये. म्हणजे दीड-दोन हजार वर्षे कायदा समानतेच्या दिशेने चालत आला आहे. घर त्याच्याही पुढे निघून गेले आहे. ‘तू मोठी आहेस ना’ या एकाच कलमाखाली तिथे ज्येष्ठाचा हिस्सा कमी केला जातो. या कलमाला सुनावणी नाही, मुदत नाही आणि वयाची अटही नाही; थोरलीला स्वतःची मुले झाली तरी ते लागू राहते.

कोय शेवटी आई खाते, ओट्याशी उभ्याने. घरोघरी हे मातेच्या त्यागाचे उदाहरण म्हणून सांगितले जाते. वास्तविक ती कोर्ट फी आहे.

परीक्षा संपली की आजोळी जायचे असते. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते, त्यामुळे मेमधल्या खिडकीचे भांडण मार्चमध्ये उरकता येते. ज्यांना ते जमत नाही ते एसटीने जातात. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट, पंचाहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना २०२२ पासून मोफत प्रवास, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे आणि त्याखालच्यांना तिकीटच नाही. सहा जणांच्या कुटुंबात अख्खे तिकीट फक्त वडिलांचे निघते. खिडकी मात्र बिनतिकिटाच्या प्रवाशाला हवी असते. यावर आळीपाळीची पद्धत रूढ आहे: एका थांब्यापासून पुढच्या थांब्यापर्यंत एकाने बसायचे, मग दुसऱ्याने. गाडी विनाथांबा असेल तर ही पद्धत स्थानकाबाहेर पडताच कोलमडते.

आजोळी किंवा गच्चीवर याच दिवसांत वाळवण पडते: पापड, कुरडया, सांडगे, बटाट्याचा कीस. कावळे-चिमण्या हाकलायला मुलांना छत्री आणि काठी देऊन राखणीला बसवतात. संध्याकाळी मोजणी केली की कावळ्यांच्या वाट्याला जाऊ शकली असती त्याहून जास्त तूट निघते, आणि उडदाच्या लाट्यांचा डबाही हलका लागतो. या प्रसंगाचे महत्त्व वेगळे आहे. इथे वाटणी कोणी करून दिलेली नसते, तरी एकही तक्रार येत नाही. ‘कोणी खाल्लं?’ या प्रश्नाला दोन्ही अपत्ये एका सुरात कावळ्याचे नाव घेतात. दिलेल्या मालावरून दोघे भांडतात, चोरलेल्या मालाची वाटणी बिनबोभाट होते. सहकाराची परंपरा असलेल्या राज्यात याचे नवल वाटण्याचे कारण नाही.

ज्यांना आजोळ उरलेले नाही त्यांच्यासाठी कोकिळेचा मार्ग आहे. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते, पिल्लांना चारण्याचे काम कावळ्यावर सोपवते, आणि नर तेवढ्यात पहाटेपासून झाडावर गातो. शहरात याला उन्हाळी शिबिर म्हणतात. चित्रकला, बुद्धिबळ, स्केटिंग, व्यक्तिमत्त्व विकास, सोबत एक टोपी. फरक इतकाच की कावळा शुल्क घेत नाही आणि वयोगटही पाडत नाही. शिबिरात लहान मुलांची तुकडी सकाळची आणि मोठ्यांची संध्याकाळची असते. एकाला सोडायचे, आणायचे, मग दुसरीला सोडायचे, आणायचे. गायला वेळ उरत नाही.

जूनच्या मध्याला शाळा उघडतात, विदर्भात उन्हामुळे आणखी काही दिवसांनी. त्याआधीच्या रविवारी कुटुंब शालेय साहित्याच्या दुकानात जाते. तीन महिन्यांच्या अनुभवातून पालक एवढे शिकलेले असतात की प्रत्येक वस्तू दोन घ्यायची आणि हुबेहूब सारखी घ्यायची: दोन दप्तरे, दोन रेनकोट, दोन डबे, दोन पाण्याच्या बाटल्या, सगळे निळे. बिल मोठे होते, पण तंट्याला कुठेही जागा राहत नाही. एवढी खरेदी पाहून दुकानदार खूश होतो आणि काउंटरखालून एक कंपासपेटी काढून मुलांसाठी फुकट देतो.