सव्वा सूत

मुंबईच्या उपनगरात जुनी फरशी सहसा कोणी काढत नाही, तिच्यावर चढतात. मुलुंड पूर्वेला आमच्या हॉलचा उभा छेद घेतला तर भूगर्भशास्त्राचे विद्यार्थी वह्या घेऊन येतील. सगळ्यात खाली स्लॅब, त्यावर कोबा, त्यावर बिल्डरने दिलेला मोझॅक, त्यावर माझ्या लग्नाच्या आधी पाहुण्यांसाठी चढवलेली विट्रिफाइड. काढायचं म्हटलं की हातोडा, खालच्या काकूंचा रक्तदाब, डेब्रिजच्या गोण्या, आणि त्या गोण्या लिफ्टने न्यायच्या नाहीत असं सेक्रेटरींचं पत्र. त्यापेक्षा मिस्त्रीचं शास्त्र सोपं: "साब, ऊपर से मार देंगे."

बेडरूममध्ये मात्र अजून मोझॅकच होता. तिथे लाकडी फ्लोअरिंग हवं, असं बायकोने जाहीर केलं.

"पायाखाली लाकूड? आपण काय बोटीवर राहतो?" बाबा म्हणाले. मग दोन घोट चहा घेऊन त्यांनी भूमिका बदलली. "घालायचंच तर सागवान घाला. अयोध्येच्या मंदिराच्या दारांना 2023 साली आपल्या बल्लारपूरचं सागवान गेलं. तुमच्या बेडरूमला काय धाड भरलीय?"

धाड उंचीची होती. दहा मिलिमीटरची विट्रिफाइड आणि तिच्याखालचा चार मिलिमीटरचा चिकटा, म्हणजे हॉल मोझॅकच्या चौदा मिलिमीटर वर. बाबांच्या सागवानाची फळी अठरा, तिला खिळे धरायला खाली बारा मिलिमीटरचं प्लाय. बेरीज तीस. दारात पाच सुतांची पायरी! (सुताराच्या हिशोबात इंचाचे आठ सूत, एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरहून किंचित जास्त.) शिवाय आपल्या पावसाळ्यात अस्सल लाकूड रुंदीत फुगतं, म्हणून भिंतीलगत जागा सोडावी लागते. ती नाही सोडली तर फळ्या मधोमध तंबू ठोकतात.

मग लॅमिनेट पाहिलं. आठ मिलिमीटरची फळी, दोनचा फोम, एकूण दहा. आता हॉलच्या खाली सव्वा सूत. इंजिनिअर्ड लाकूड चौदाचं, फोम धरून सोळा, म्हणजे हॉलच्या वर दोन मिलिमीटर. बाजारात सगळ्या जाडीचं लाकूड मिळतं, फक्त आपल्या दाराला लागेल ते सोडून.

"सव्वा सूत कोणाला दिसतंय?" मी म्हटलं.

"अहो, दिसत नाही, ठेचकाळतं," बायको म्हणाली. हे वाक्य कुठल्याही वास्तुशास्त्राच्या पुस्तकात शोभेल. दोन फरश्यांत वीतभर फरक असला की माणूस पाय उचलतो. सव्वा सूत मात्र अंगठ्याच्या नखालाच कळतं.

शेवटी लॅमिनेटखाली चार मिलिमीटरचं प्लाय अंथरून कागदावर चौदाला चौदा जुळवले. सेक्रेटरी लगेच वर आले. इमारतीला तीस वर्षं होऊन गेलेली, स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं, स्लॅबवर वजन चालणार नाही. मी हिशोब दिला: शंभर चौरस फुटांत विट्रिफाइड टाकली तर सव्वादोनशे किलोच्या आसपास, लॅमिनेट आणि प्लाय मिळून शंभराच्या आत. ते खूश होऊन खाली गेले. त्यांच्या स्वतःच्या घरात टाइलवर टाइल आहे, हे मी बोललो नाही.

कागदावरचे चौदा दारात उतरेनात. डावीकडे चोख जुळले. उजवीकडे हॉलच फुगलेला. मिस्त्रीने पाणसळ ठेवली. बुडबुडा हॉलकडे पळाला. मिस्त्रीने मान तिरकी केली आणि म्हणाला, "बीच में ही तो है." खोलीचं दुसरं टोक तर मुळात बाल्कनी. ती आम्ही आत घेतली, पण तिचा उतार अजून पावसाचं पाणी बाहेर काढायच्या तयारीत. तिथे सिमेंट भरून घेतलं. दाराचा पल्ला खालून कापला. उरलेल्या फटीवर अॅल्युमिनियमची पट्टी आली. आता बाबा प्रत्येक पाहुण्याला "जपून, पट्टी आहे!" असं ओरडून सांगतात. पाहुणा त्यांच्याकडे वर बघतो आणि पट्टीला अडखळतो.

रेल्वेलाही हे प्रकरण सोपं गेलेलं नाही. फलाट आणि डब्याच्या उंचीचा वाद उच्च न्यायालयात गेला, तेव्हा कुठे उपनगरी फलाट नव्वद सेंटिमीटरच्या घरात उचलले गेले. 2014 साली सुरू झालेल्या वर्सोवा-घाटकोपर मेट्रोत फलाटावरून डब्यात पाय सरळ पडतो; पण तिथे सगळंच नवं. मागच्या भाडेकरूच्या मोझॅकशी जुळवून घ्यायची वेळ तिच्यावर आली नाही.

यंदा आमच्या गल्लीचं काँक्रिटीकरण झालं. रस्ताही अर्थात वर चढला, आणि सोसायटीचं फाटक बाहेर उघडेना. सेक्रेटरींनी आमच्याच मिस्त्रीला बोलावलं. त्याने फाटक खालून कापलं, जरा सढळ हाताने. आता खालून गल्लीतली कुत्री सहकुटुंब येतात. फटीला रबरी पट्टी लावायचा ठराव परवाच्या सभेत एकमताने मंजूर झाला. काळी की करडी, यावर सभा तहकूब झाली.